कागदी पिशव्यांचा धडा

आमच्या काकूने पन्नाशीत गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं, ते हौस म्हणून नव्हे. काकांची नजर अधू झाली म्हणून. तोवर काका म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रासाठी स्वतःची व्हॅन चालवायचे. सकाळी म्हातारी मंडळी घरोघरी जाऊन गोळा करायची, संध्याकाळी परत सोडायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बंदी घातली आणि काका गाडी विकायला निघाले. काकू म्हणाली, "मी चालवते." काका हसले. ती लायसन्स घेऊन आली तेव्हा हसायचे थांबले, एवढंच.

मग त्यांनी अट घातली. महिनाभर ते शेजारी बसणार आणि एक जरी मोठी चूक झाली तरी गाडी विकणार. गिऱ्हाईक तयारच होतं. काकूला ती गाडी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं, म्हणून मला काकांचा भयंकर राग यायचा.

काका हाडाचे शिक्षक, पण जिभेला हाड नाही. चालत्या गाडीचा टायर फुटला तर काय, हा त्यांचा लाडका विषय. "ब्रेक दाबलास की गाडी गेलीच हातातून! स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा. वेग मंदावला की मगच कडेला." नुसतं सांगून भागेना, म्हणून ते कागदी पिशवी फुगवून तिच्या पाठीमागे फोडायचे. केव्हाही. फट् झालं की तिने उजवा पाय उचलायचा, बाकी हलायचं नाही. पहिल्यांदा तिने हातातला डबा त्यांच्याच अंगावर फेकला. (बरं केलं.) पुढे पुढे मात्र ती एका पायावर उभी राहून निवांत भांडं ढवळू लागली.

महिना संपत आला होता. त्या सकाळी म्हाताऱ्यांना चढायला-उतरायला हात देण्यासाठी मी मागे बसले होते. पूल उतरताना पुढचा टायर फुटला. आवाज पिशवीसारखा मुळीच नव्हता. गाडी कठड्याकडे ओढली जाऊ लागली. आणि ज्यांनी महिनाभर आमचं डोकं खाल्लं होतं, तेच काका बेंबीच्या देठापासून ओरडले, "ब्रेक! अगं, ब्रेक मार!" त्यांचा स्वतःचा पाय खालची चटई दाबत होता.

काकूने ब्रेक मारला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. गाडी खडखडत, कुरकुरत मंदावली, पूल मागे पडला. तेव्हा तिने इंडिकेटर दिला, रुंद मोकळ्या कडेला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, चारही दिवे लुकलुकत ठेवले.

"रस्त्याच्या बाजूने कोणी उतरायचं नाही," ती म्हणाली. मंडळींपैकी मागे घोरणारे एक निवृत्त मास्तर जागे झाले. "आलं का केंद्र?"

मंडळींना दूर झाडाखाली बसवलं. काकूने चाकामागे दगड लावले, आधी नट सैल केले, मगच जॅक चढवला. काका बाजूला उभे होते.

"मी एवढा ओरडलो. तुला ऐकू आलं नाही का?"

"आलं की. पण घरात इतक्या पिशव्या फोडल्यात, त्याच आधी ऐकू आल्या."

मला वाटलं, झालं, आता काका गाडी विकायचं काढतात. स्टेपनी चढली, मंडळी आत बसली. काका चाचपडत पुढच्या दारापाशी गेले, तिथे थांबले आणि वळून मागचं दार उघडून मास्तरांच्या शेजारी बसले.

"अहो, पुढे या ना," काकू म्हणाली.

"नको. तिथे माझा पाय फुकट ब्रेक मारतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. गाडी विकायची नाही म्हणावं. चालवणारी आहे घरात."

काकूचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, आरसा नीट केला आणि मागे पाहून म्हणाली, "पट्टा बांधा."

काकांनी मुकाट्याने बांधला.