महादेवाची गळती माशांच्या तळ्यावर

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या बोईसरच्या अंगणात काय झालं ते सांगते.

तुळशीजवळच्या छोट्या तळ्यात आम्ही पाच गोल्डफिश पाळले होते. काल एक मेला. आज बारा वाजता बघते तर उरलेले चारही वर येऊन तोंडाची उघडमीट करत होते. पाणी हाताला चांगलंच कोमट लागलं.

मी फ्रीजमधला बर्फ आणून टाकणार, तेवढ्यात नेहमीची नवापूरची मासेवाली दारात आली. ती ओरडलीच, “काकू, बरफ नको! बरफ माज्या टोपलीतल्या मेलेल्यांना. या जित्यांना दम लागलाय. सावली करा नि पानी वरून थेंब थेंब पाडा.”

थेंब थेंब म्हटल्यावर मला देवघर आठवलं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगायची गळती, म्हणजे तळाला भोक पाडलेलं मडकं, मी कालच तयार केली होती. उचलताना हात जरा थांबला. मग देवाला नमस्कार केला आणि मडकं तळ्यावर टांगलं. कालपासून भरून ठेवलेलं पाणी त्यात ओतलं, तळ्यावर नारळाच्या झावळ्या घातल्या.

जेवताना ह्यांनी चिडवलं, “म्हणजे यंदा देव कोरडा?”

“देवाला मी रोज हाताने पाणी घालीन. माशांना कोण घालणार?”

चारच्या सुमारास मासे खाली जाऊन फिरायला लागले. आता पाऊस येईपर्यंत मडकं रिकामं होऊ देणार नाही, दुपारची झोप गेली तरी चालेल.

तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का? चुकलं असलं तरी मडकं तिथेच राहणार आहे.