‘पुस’ नावाचा घोळ

तरुणपणी मी एका माणसाच्या वडिलांचं गाऱ्हाणं पुसून टाकलं, आणि तेही त्याच्याच हातून. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत आम्ही मराठी मजकूर लिहायचा एडिटर बनवत होतो. मी तेव्हा रोज नवी साडी नेसून येणारी, स्वतःला भलतीच हुशार समजणारी बया. मजकूर खोडणाऱ्या फंक्शनला मी ऐटीत ‘पुस’ नाव दिलं. पाटी पुसतात तसं. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मालवणी सहकाऱ्याला वाटलं, पुस म्हणजे विचार; त्यांच्याकडे विचारण्याला पुसणंच म्हणतात. फाइल बंद होण्याआधी ‘ठेवू का?’ असं पुसलं जावं म्हणून त्याने ते तिथे जोडलं आणि चाचणीला वडिलांचं गाऱ्हाणं उघडलं. वडील देवळात देवांना साकडं घालताना म्हणायचे ते, गावच्या सीमेवरच्या एकूण एक देवाच्या नावासकट, त्यांच्या तोंडून ऐकून टंकलेलं. प्रोग्रॅमने काही न विचारता सगळं साफ केलं. वडील तोवर गेले होते, दुसरी प्रत नव्हती.

तो रागावला असता तर परवडलं असतं. तो नावांच्या मागे लागला. नावांची त्याच्याइतकी शिस्त चित्रगुप्तालाही झेपली नसती. एका वस्तूला एकच नाव, आणि नावावरून काम कळलं पाहिजे, हा त्याचा धर्म. मुलुंडच्या त्याच्या सोसायटीत दारावरच्या सगळ्या पाट्या एकाच पद्धतीच्या हव्यात, असा ठराव त्याने मांडला; अनुमोदन द्यायला बायकोसुद्धा उठली नाही. फोनमध्ये ती आडनाव, नाव, नातं अशा क्रमाने नोंदलेली आहे. मासेवालीला तो एकदा समजावत होता, “ओले बोंबील, सुके बोंबील म्हणू नये. बोंबील ओले, बोंबील सुके म्हणावं, म्हणजे यादीत शेजारी येतात.” ती म्हणाली, “शेजारी ठेवले तं ओल्याचं पानी सुक्याला लागल ना, भाऊ.”

कंपनी बंद पडताना मालकाने एडिटरचा कोड आम्हालाच देऊन टाकला होता. निवृत्तीनंतर याने तो बाहेर काढला. कुणालाही फुकट वापरता यावा म्हणून इंटरनेटवर ठेवायचा, पण आधी नावं आवरायची. एकाच ओळीला आम्ही कुठे ‘ओळ’, कुठे ‘लाइन’, कुठे ‘रांग’ म्हटलेलं. रोज सकाळी त्याचा फोन.

“‘तात्पुरतं दोन’ हे नाव कुणाचं गं?”

“माझंच.”

“तीस वर्षं टिकलं की.”

दोन वर्षांत सगळी नावं सुधारली, ‘पुस’ सोडून. मी विषय काढला की तो म्हणे, “बघू.” माझं ते पाप तसंच जगापुढे जाणार, ही धास्ती मला झोपू देईना. शेवटी गेल्या आठवड्यात मी त्याच्या घरी जाऊन बसले.

“माझ्यादेखत बदल. ‘खोड’ कर.”

त्याने चष्मा पुसला. एकेक जागा शोधून त्याने सगळीकडे ‘खोड’ केलं. आत बायको सोलकढी गाळत होती. गाऱ्हाण्यातले देव किती आठवतात, असं मी विचारलं.

“सातच.”

मी पर्स उचलली. खिडकीकडे बघत तो म्हणाला, “नाव तुझं चुकलं नव्हतं गं. मीच तेव्हा तुला पुसलं नाही.”