अक्काताईचा नंबर

मोबाइलच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त साठतात. कव्हरं, चार्जर विकून संपतात. माणसं काउंटरवर टाकून गेलेल्या गोष्टी मात्र परत न्यायला कोणी येत नाही!

माझं दुकान आजऱ्यात, एसटी स्टँडजवळ. नवी कंपनी आली तेव्हा तिचं सिम गावात पहिल्यांदा माझ्याकडं आलं. बोलणं फुकट, नेट फुकट. जुन्या कंपन्यांच्या पोटात गोळा उठला आणि माझ्या दुकानासमोर रांग लागली. त्या दिवसांतले किस्से आम्ही दोस्त लोक संध्याकाळच्या चहाला अजून काढतो. काढताना हसतो. पण अलीकडं माझ्या लक्षात आलंय, हसता हसता मध्येच कुणीतरी गप्प होतं आणि चहा गार होतो.

*

रांगेतला एक म्हातारबा अजून डोळ्यांसमोर आहे. नंबर आल्यावर म्हणाला, "दोन द्या की पावणं, फुकट हाय न्हवं?"

म्हटलं, "देतो की. मोबाइल कुठला हाय तुमचा?"

"मोबाइल कुठला आलाय! सिम घिऊन ठेवतो. मोबाइल फुकट निघाला की मग घालतो!"

रांगेत हशा पिकला. म्हातारबाही हसला. दोन्ही सिमं त्यानं धोतराच्या सोग्यात नीट बांधली आणि गडहिंग्लजच्या गाडीला पळाला.

*

राधानगरीकडच्या एका वाडीवर माझे लांबचे पाहुणे पांडूतात्या. त्यांची एकुलती लेक सुमन नवऱ्याबरोबर मस्कतला. नव्या कंपनीचं सिम घेतलं खरं, पण वाडीवर रेंज मिळेना. हुडकत हुडकत सापडली ती कुठं? स्मशानशेडमध्ये! डोंगराच्या सापटीतून टॉवर दिसायचा तो तेवढ्याच जागेवरून.

तात्यांनी हौसेनं पहिला व्हिडिओ कॉल लावला. सुमननं बघितलं तर बापाच्या पाठीमागं पत्र्याची शेड आणि लोखंडी सांगाडा. तिनं हंबरडाच फोडला, "तात्या, कोण गेलं वो? आई कुठं हाय? आदी आईला दाखवा!"

तात्या ओरडले, "अगं कोण मेलं न्हाय! रेंज हितंच ऱ्हात्या!"

सगळी वाडी आठवडाभर हसत होती. पुढं तात्या आणि काकू दर रविवारी चटई घेऊन तिथंच जाऊन बसायचे. तिकडं नातवाला बाराखडी येते का बघायचे, इकडं शेंगा फोडायचे. तात्या म्हणायचे, "आपला काय, जायाचा रस्ता पाठ झाला."

तात्या गेले ते ऐन श्रावणात. सुमनला विमान मिळालं नाही. मी शेडमध्ये फोन धरून उभा होतो. एवढा पाऊस, पण चित्र एकदाही अडकलं नाही. लेक सगळं बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "दादा, आता बंद करा." मला ते लाल बटण दाबवेना. काकूंनी दाबलं.

*

आता घरचाच एक सांगतो. पूर्वी कॉलला पैसे पडायचे तेव्हा दुकानाचं शटर ओढलं की मी बायकोला मिस कॉल द्यायचो. एक रिंग म्हणजे निघालोय, तवा ठेव. दोन म्हणजे कोणीतरी जेवायला आहे. घरात पाय टाकला की भाकरी टम्म फुगलेली!

बोलणं फुकट झालं. आता मी फोन करतो, ती उचलते. मी म्हणतो, "निघालो." ती म्हणते, "हं." मी म्हणतो, "काय आणायचंय?" ती म्हणते, "काय न्हाय." मग मी फोन ठेवतो.

परवा ती म्हणाली, "तुमचा मिस कॉलच बरा हुता. मी धावत जाऊन बघायची तरी."

मान खाली घालून जेवलो.

*

माझ्या समोरच्या गाळ्यात दिलीप. त्याच्याकडं एका जुन्या कंपनीची एजन्सी होती. गिऱ्हाइकासमोर आम्ही एकमेकांना शिव्या द्यायचो आणि डबा एकत्र खायचो. नव्या कंपनीपुढं त्याची कंपनी टिकली नाही. एक दिवस मेसेज आला, आम्ही सेवा बंद करतोय, नंबर दुसरीकडं हलवा. दिलीपनं शटर ओढलं, रस्ता ओलांडून माझ्याकडं आला आणि म्हणाला, "घे लेका, पयला माझाच पोर्ट कर."

मी अर्ज टाकला. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. त्याच्याच कंपनीची पोरगी! गोड आवाजात विचारते, "सर, आपण आम्हाला सोडून का चालला आहात? आमची काही चूक झाली का?"

दिलीप म्हणाला, "बाई, म्या न्हवं सोडलं. तुमीच मला सोडलंय."

एरवी या वाक्यावर आम्ही टाळ्या दिल्या असत्या. त्या दिवशी दिली नाही कुणी.

*

त्याच आठवड्यात अक्काताई आल्या. काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाणाऱ्या. नवरा कधीच गेलेला, घरात एक पोरगा, संतोष. कोल्हापूरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून पोरगं परत आलं तेव्हा अक्काताई तापल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "पुन्यांदा ह्या घरात पाय ठेवू नगंस!" पोरगं तसंच फिरलं. स्वतःचा मोबाइलही उंबऱ्यावर ठेवून गेलं. पोलिसांत कळवून झालं, पै-पाहुण्यांत शोधून झालं, पत्ता नाही.

अक्काताईंकडं दिलीपच्या कंपनीचं सिम. तोच तेवढा नंबर संतोषला तोंडपाठ. म्हणाल्या, "काय बी कर, पर ह्यो नंबर मरू दिऊ नगंस. त्याला दुसरा कुठला म्हाईत न्हाय रं."

अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. अंगठा ठेवला, उठेना. काजूच्या टरफलाच्या तेलानं कातडं जळतं, बोटांच्या रेषा पुसून जातात. पुसून, धुऊन, खोबरेल लावून बघितलं. मशीन आपलं एकच म्हणतंय, पुन्हा प्रयत्न करा.

अक्काताई वैतागल्या, "लगीन झालं तवा सही येत न्हवती म्हणून अंगठा घेतला. आता प्रौढ वर्गात जाऊन सही शिकलो, तर अंगठाच मागालाय व्हय!"

एकेक बोट ठेवत गेलो. आणि शेवटी करंगळी उठली! करंगळी काजूला लागत नाही ना! दिलीपनं दुकानात शिट्टी मारली. अक्काताई करंगळीकडं अशा बघत होत्या, जणू तिनंच घर सावरलंय.

आणि मग स्क्रीनवर आलं, हा नंबर यांच्या नावावर नाही. सिम संतोषनं आणून दिलेलं. नावही त्याचंच, आणि अंगठाही त्याचाच लागणार.

*

मी अक्काताईंना घेऊन कोल्हापूरला दिलीपच्या कंपनीच्या मोठ्या गॅलरीत, म्हणजे तिच्या ऑफिसात गेलो. एसी, काचेचं दार. अक्काताईंनी चपला बाहेर काढल्या. टायवाल्या पोरानं अदबीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. वाईट म्हणावं असं त्यानं काहीच केलं नाही.

"मावशी, ज्यांच्या नावावर आहे ते स्वतः आले पाहिजेत."

"त्योच तर गावंना."

पोरानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मग चेहरा खुलला. "एक ऑप्शन आहे. त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा. लगेच वारसाच्या नावावर करून देतो!"

मला त्या टायवाल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, आणि तेवढीच त्याची दयाही आली. काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. अक्काताईंनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं, ग्लास जागेवर ठेवला आणि उठल्या.

परतीच्या एसटीत कागल गेल्यावर खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "नंबर जाऊ दे. माजं पोरगं ऱ्हाऊ दे."

नंबर गेला. करंगळीवर मी त्यांना नव्या कंपनीचं नवं सिम दिलं.

*

नव्या सिमवरून अक्काताई जुन्या नंबरला अधूनमधून फोन लावायच्या. रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाही. अक्काताई ऐकून घ्यायच्या आणि ठेवायच्या. असं वर्षावर वर्ष चाललं. परवाच्या उन्हाळ्यात भर दुपारी धापा टाकत दुकानात आल्या. "आरं, रिंग वाजतीया!"

मी फोन घेतला, स्पीकरवर टाकला. पलीकडं एक मुलगी. बार्शीची, नर्सिंगला शिकणारी, नाव मनीषा. बंद पडलेले नंबर पुन्हा वाटतात, तसा तो तिला मिळालेला. मी कसंबसं सगळं सांगितलं आणि विचारलं, "या नंबरवर कुणाचा 'आई' म्हणून फोन आला होता का हो?"

ती म्हणाली, "आई म्हणून नाही आला. पण एक फोन येतो. मी हॅलो म्हटलं की कट करतो. दरवेळी नंबर वेगळा. परत लावला तर कोणी ट्रकवाला, कोणी ढाबेवाला उचलतो. म्हणतात, कुणीतरी एका कॉलसाठी फोन मागून घेतला होता. मला वाटलं, त्रास देणारा कोणी असेल. आता नंबर बदलणारच होते."

"न्हाय, न्हाय! बदलू नगंस बाळा!" अक्काताई काउंटरवरून पुढं वाकल्या.

"नाही बदलत मावशी. परत आला की तुमचा नवा नंबर सांगू त्याला?"

"सांग की. पर हॅलो म्हणू नगंस. हॅलो म्हटलीस की परकं माणूस हाय म्हणून ठेवंल त्यो. आदी नुसतं इचार, जेवलास काय रं?"

त्यानंतर अक्काताई कारखान्यातनं सुटल्या की थेट दुकानात येऊन बसायच्या. फोन काउंटरवर, स्वतः स्टुलावर. गिऱ्हाइकांशी मी हळू आवाजात बोलायला लागलो. दिलीपही येऊन बसायचा, उगीचच.

गौरी-गणपतीच्या सुमाराला मनीषाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मावशी, आला होता. आत्ताच. मी हॅलो म्हटलं नाही. तुम्ही सांगितलं तस्संच विचारलं."

"मग?"

"आधी काहीच बोलला नाही. गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, 'व्हय.' मी नंबर सांगायला लागले, पण तोवर ठेवला त्यानं. परत लावला तर ढाबेवाला म्हणाला, गाडी सुटली." मनीषाचा आवाज बारीक झाला. "सॉरी, मावशी."

दिलीपनं तोंड फिरवलं. अक्काताईंनी डोळ्यांना पदर लावला, स्टुलावरून उठल्या आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या,

"सॉरी कशाला गं? जेवलाय म्हणाला की!"