पेटी पुण्याला जाऊन आली

मंडळी, डोकं फिरलंय. वडिलांची बाजाची पेटी मी ॲपवर आठ हजारांना विकली. आज खात्यात सहा हजार दोनशे आले. बाकीचे कमिशन आणि कसल्याशा 'सेवा शुल्का'त गेले. सेवा कसली? फोटो मी काढले, खोक्यात गोधडी मी कोंबली!

तेवढ्यात देवळाली प्रवराच्या आबांचा फोन. हरिनाम सप्ताहात आम्ही शेजारी बसतो. मी पेटी वाजवतो, ते गातात.

"पेटी पोचली बरं का. सूर जाग्यावर हाय."

म्हणजे घेणारे आबाच! ॲप घेणाऱ्याचं नाव दाखवत नाही. आमच्या कोल्हारहून मी मोटारसायकलवर नेऊन दिली असती, ती पेटी कुरियरनं पुण्याला जाऊन आली. डिलिव्हरीचे पैसे आबांनी वेगळे भरले.

"आबा, फोटोत ओळखली नाही का?"

"वळखली म्हनून तर घेतली. तुमाला मागितली असती, तर तुमी पैसं घेतलं असतं व्हय?"

नसते घेतले. आणि मला गरज होती, हे आबांनी न विचारता ओळखलं. त्यांनी माझ्यासाठी दिलेल्या पैशांत ॲपनं हात मारला, म्हणून चीड येतेय.

तुम्हीच सांगा, आपल्या माणसाकडून समोरासमोर पैसे घ्यायचे तरी कसे?