कंडक्टरबाईंची वरची खोली

एखादं वाक्य माणसाच्या तोंडात आयुष्यभर बसलं, की ते निवृत्त व्हायला तयार नसतं. माणूस निवृत्त होतो, वाक्य कामावर राहतं. कंडक्टरबाईंचं वाक्य होतं, "चला, पुढे चला, दारात गर्दी नको!" शहर बसमध्ये ते त्यांनी इतकी वर्षं म्हटलं होतं, की निम्मं शहर त्यांच्या सांगण्यावरून पुढे सरकलं होतं. पुढे तसूभर जागा नसली तरी बाईंचा आवाज ऐकला की ती आहे असं वाटायचं.

आता पुढे सरकायला कोणी नव्हतं. दुमजली लहानसं घर, खाली दोन खोल्या, वर एक, आणि सगळ्यांत मिळून बाई एकट्या. कुठल्या सीटवर बसावं असा प्रश्न पडावा इतकी रिकामी गाडी त्यांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती. ती आता रोज घरीच उभी.

यजमान त्याच बसचे ड्रायव्हर होते. ते पुढे काचेशी, बाई मागे दाराशी, मधे सगळं गाव. त्यामुळे संसारातलं निम्मं संभाषण डोक्यावरच्या दोरीवरूनच झालं. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. ड्रायव्हरसाहेब मुळात मितभाषी; यापेक्षा जास्त शब्दांची त्यांना गरजही वाटत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा गिअर कसा चुकला हे स्वतःशीच ठरवत बसू लागले. बाईंचे गुडघे जिन्याला कुरकुरायला लागले, तेव्हा साहेबांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची बेल आणून वर टांगली आणि दोरी भिंतीतून थेट खालच्या स्वयंपाकघरात सोडली. चहा झाला की बाई डबल बेल द्यायच्या. वर खुर्ची करकरायची, जिन्यावर पावलं वाजायची, आणि साहेब "सुटली गाडी" म्हणत खाली यायचे.

एका सकाळी बाईंनी डबल बेल दिली आणि गाडी सुटली नाही.

त्यानंतर दोरीला कोणी हात लावला नाही. ती ओट्याशेजारी लोंबत राहिली, आणि भांडी घासताना तिला कोपर लागणार नाही अशा बेतानं बाई वळायला शिकल्या.

मुलगी दुसऱ्या शहरात. तिचा रोज फोन यायचा आणि रोज त्यात जिना असायचा.

"आई, तू त्या जिन्यावरून पडलीस तर कोणाला कळणार?"

"मला कळेल की."

"चेष्टा नको. घर विकू आणि तू इकडे ये."

"तुझ्याकडे मी करू काय? तुझा नवरा फोनवर, मुलं फोनवर. मी कोणाला पुढे सरकवू?"

बऱ्याच घासाघाशीनंतर तह झाला. कॉलेजं सुरू व्हायच्या आत वरच्या खोलीत कोणी विद्यार्थी राहायला आला, तर घर राहील. नाहीतर मुलगी रविवारी टेम्पो घेऊन येईल, आणि बाई निमूट त्यात बसतील. मुलीनं हे दोनदा वदवून घेतलं. आईनं आयुष्यभर लोकांना वाटेला लावलंय, शब्दात पकडलं नाही तर आपल्यालाही लावेल, हे तिला ठाऊक होतं.

बाईंनी कॉलेजच्या फाटकाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे चिठ्ठी लावली आणि मुलं येऊ लागली. पहिल्यांदा दोन मित्र आले. त्यांनी खोली सोडून भिंतीतले प्लगच पाहिले. मग आईला घेऊन एक मुलगा आला. मुलगा गप्प, आई नळ सोडून बघतेय, गादी दाबून बघतेय, शेवटी बाईंनाही दाबून बघते की काय असं वाटलं. एकानं विचारलं, "कधी मित्र आले तर चालतील का, काकू?"

"बसून चालतील. उभे प्रवासी घेत नाही," बाई म्हणाल्या. तो हसला. बाईंना वाटलं, जमलं.

पण जमत नव्हतं. येणारा प्रत्येकजण खोली बघायचा, मान डोलवायचा, खाली यायचा, दाराशी थोडा घुटमळायचा आणि मग एकदम कसनुसा होऊन "बरं, येतो काकू" म्हणून जायचा. 'येतो' म्हणून गेलेला माणूस येतोच असं नाही, हे आपल्या भाषेत कोणाला सांगावं लागत नाही. तरी बाई संध्याकाळी दाराची कडी उशिरा लावायच्या.

समोरची शिंपीणबाई मशीनवरून मान वर न करता विचारायची, "काय कंडक्टरबाई, लागली का सीट?"

"लागेल. शेवटच्या स्टॉपपर्यंत लागतेच कोणीतरी."

शेवटचा स्टॉप रविवारी होता. शुक्रवारपर्यंत मुलं येऊन गेली. शनिवारी सकाळी कोणीच आलं नाही. बाईंनी भांड्यांचं एक खोकं भरलं, मग त्यातला चहाचा एक कप परत बाहेर काढला, आणि टेबलाशी बसून राहिल्या. घरात फक्त फ्रीज बोलत होता, तोही थांबून थांबून.

दुपारी एक मुलगी आली. बारीक अंगाची, पाठीवर भलीमोठी सॅक. दारातूनच म्हणाली, "काकू, खोलीला खिडकी आहे का? खरी?"

"म्हणजे? खोटी खिडकी कशी असते?"

"असते. काल पाहिली ती उघडली की समोर भिंत होती. परवाची तर खोलीच नव्हती, हॉलमध्ये कपाट आडवं लावलं होतं. पलीकडे मालकांचे आजोबा खोकत होते. मी मैत्रिणीकडे राहतेय, पण तिची रूम-पार्टनर उद्या परत येतेय."

बाईंनी मनात तिचं नाव 'खिडकीवाली' ठेवलं आणि तिला वर नेलं. खिडकीवालीनं खिडकी उघडली, बाहेर रस्ता आहे याची खात्री केली आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. तिनं टांगलेल्या बेलकडे बोट केलं. "हे काय?"

"ते... जुनं आहे. सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. आमच्या ह्यांची." बाई एवढंच बोलल्या आणि जिना उतरू लागल्या.

खाली दाराशी मुलगी घुटमळली. सॅकचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तोंड उघडलं, मिटलं. मग एकदम म्हणाली, "बरं काकू, येते." आणि गेली.

बाई दारातच उभ्या राहिल्या. संपलं. लेकीला फोन करून सांगावं, टेम्पो जरा मोठा आण, ह्यांची खुर्ची पण आहे.

फोन हातात घेतला तोच खिडकीवाली परत दारात. डोळे लालसर, पण हनुवटी वर.

"काकू, एक विचारू? राग मानू नका. माझं काय चुकलं? आज सकाळपासून चार ठिकाणी नाही म्हणालेत, त्यांनी निदान कारण तरी सांगितलं. तुम्ही तर सरळ हाकलूनच लावलंत."

"मी? कधी गं?"

"आत्ता! मी विचारणार होते, आज सामान आणलं तर चालेल का. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'चला, पुढे चला, दारात गर्दी नको.' मी एकटीच होते, काकू. एका माणसाची कसली गर्दी?"

बाईंनी तोंडावर हात नेला. आपण बोललो? बोललो असणार. दार दिसलं, दारात माणूस घुटमळताना दिसला, की ते वाक्य आपोआपच सुटत असणार, तोंडाला न विचारता. म्हणजे ते दोघे मित्र. तो नळवाल्या आईचा गप्प मुलगा. तो हसणारा. सगळे दाराशी विचारायलाच थांबले होते, आणि सगळ्यांना आपणच वाटेला लावलं होतं.

त्या हसायला लागल्या. इतक्या, की जिन्याच्या पायरीवर बसल्या, आणि हसणं संपलं तरी डोळे पुसायचं थांबेना. खिडकीवाली घाबरून पाणी शोधू लागली.

"अगं, मी कंडक्टर होते," बाई कशाबशा म्हणाल्या. "ते तुला नव्हतं. कोणालाच नव्हतं ते."

मुलीनं पाठीवरची सॅक खाली उतरवून ठेवली. मग म्हणाली, "मग मी पुन्हा एकदा वर जाऊन बघू का? एकटीच. मला ना, खोलीत एकटं उभं राहिल्याशिवाय कळत नाही."

"जा की. गुडघ्यांना तेवढाच आराम."

बाई स्वयंपाकघरात आल्या. वर काहीच आवाज नव्हता. खोकं अर्धं भरलेलं. मुलगी खिडकीशी असेल, की खुर्चीशी? खुर्ची तिला अडगळ वाटेल का? वाटली तर काढू म्हणावं का? काढवेल का आपल्याला? खोली आवडली तरी, एक म्हातारी खाली एकटीच हसते-रडते, अशा घरात तरणी पोर कशाला राहील? बाईंनी ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

आणि दोरी हलली.

त्यांच्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, ती वर ओढली गेली आणि वर बेल वाजली. एकदाच. आयुष्यभर दोरी त्यांच्याच टोकानं ओढली गेली होती. पुढच्या टोकाकडून ती कधी आली नव्हती. सिंगल बेल. म्हणजे कोणाला तरी उतरायचंय. बाई दुसऱ्या बेलची वाट बघत राहिल्या. ती आली नाही.

गुडघ्यांना न विचारता त्या जिना चढल्या. मुलगी बेलखाली उभी होती, दोरी अजून हातात, चोरी पकडल्यासारखी.

"सिंगल म्हणजे थांबा, असंच म्हणालात ना काकू?"

"हो."

"मग मी थांबते."

बाईंनी या बेलवर हजारो माणसं उतरवली होती. चढलेली ही पहिलीच.

सामान आणायला मैत्रिणीकडे जायचं होतं, तिकडून बस वरचेवर नव्हती, त्यामुळे रात्र होणार होती. निघताना मुलीनं खिशातून रुमाल काढला आणि कॉटवर पसरला. "मधे कोणी आलं तर सांगा, भरली म्हणून."

"रुमाल टाकून जागा अडवता येत नाही," बाई म्हणाल्या. या एका नियमापायी त्या आयुष्यभर भांडल्या होत्या. भरगच्च गाडीत कित्येक रुमाल त्यांनी खिडकीतून बाहेर भिरकावले होते.

"मग काढू?"

"राहू दे."

मुलगी गेली. या वेळी बाईंनी दाराशी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग लेकीला फोन केला, "टेम्पो रद्द कर." पलीकडून शंभर प्रश्न आले. त्या म्हणाल्या, "आली एक. खिडकीची सीट हवी होती तिला."

अंधार पडता पडता त्यांनी चहा टाकला. उकळी आली, गॅस बंद केला, आणि काय करतोय हे कळायच्या आत हात दोरीवर गेला. डबल बेल. वर रिकाम्या खोलीत आवाज घुमला आणि विरला. खुर्ची करकरली नाही. पावलं निघाली नाहीत. बाई कितीतरी वेळ तशाच जिन्याकडे बघत राहिल्या. खोली भरली म्हणून जी जागा रिकामी आहे ती भरत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. इतक्या गर्दीत राहिलेल्या बाईला ते नाही कळणार तर कोणाला?

मग त्या कप घेऊन हळूहळू स्वतःच वर गेल्या. साहेबांच्या खुर्चीत बसल्या. रस्त्यावरून एक बस गेली, गिअर चुकलेला होता. पाय अवघडले, तसं जरा कॉटवर टेकावं असं वाटलं. त्या उठल्याही, पण रुमालाशी येऊन थांबल्या, आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या.

जागा धरलेली होती.