न दिलेला सिक रिपोर्ट

आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेला जाणार हे ठरलं तेव्हा मी हवालदार होतो. निघण्यापूर्वी महिनाभर तयारी चालली. यलो फीव्हरची लस, मलेरियाच्या गोळ्या, पाण्यात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबायचं, प्रत्येकाच्या खिशात ओआरएसची दोन पाकिटं. कंपनीत हा क्लास मीच घ्यायचो. शेवटचा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो: पोट बिघडलं की लगेच डॉक्टरकडे सिक रिपोर्ट द्यायचा, आणि बरं होईपर्यंत लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, पाऊल टाकायचं नाही.

तिकडचे पहिले चार महिने बरे गेले. मग रेझिंग डे, म्हणजे बटालियनचा स्थापना दिवस, आला आणि सगळ्यांच्या एकत्र जेवणाचा बडाखाना ठरला. कंपनी कमांडर म्हणाले, "हवालदार, सावजी मटण तुमच्याकडे." नागपूरच्या माणसाला आणखी काय पाहिजे? मसाला मी घरूनच नेला होता. आठ दिवस त्या मटणाच्या बढाया मारत फिरलो.

बडाखान्याच्या दिवशी पहाटे पाचपासून मला जुलाब सुरू झाले. सात वाजता तिसऱ्यांदा जाऊन परत येत होतो, तर लान्स नाईक विलास समोर. रामटेककडचा, माझ्या गाडीचा ड्रायव्हर.

"काहून भाऊ, पोट बिघडलं का?"

"काही नाही गा. कोणाले सांगू नको."

"डॉक्टरले दाखवा ना."

"मग मटण कोण करन?"

तो हसला आणि गाडीकडे निघून गेला. मी दोन गोळ्या घेतल्या आणि लंगरमध्ये शिरलो. मटण तासभर रटरटलं, त्याचा काही दोष नव्हता. पण सोबतचा कांदा, कोथिंबीर, लिंबू मी याच हातांनी चिरलं. घाईत साबणानं हात धुतले की नाही, मला आठवत नाही. सगळ्यांनी वाहवा केली. विलासनं दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतले नऊ जण आजारी पडले. डॉक्टरपुढच्या सिक परेडमध्ये विलास नव्हता, म्हणून तो ठीक आहे असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी ०६०० ला आम्ही गाडीनं गस्तीवर निघालो. ११०० ला त्यानं गाडी मध्येच थांबवली. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. दोन दिवसांपासून त्याला जुलाब होत होते.

"बोलला काहून नाही?"

"डॉक्टर सगळ्याईले लंगरचं विचारून राहिले होते, भाऊ. तुमचं नाव निघालं असतं."

त्याला सावलीत झोपवलं. ओआरएस पाजलं ते उलटून पडलं. सोबतच्या नर्सिंग असिस्टंटला सलाईनसाठी शीर सापडेना. मी रेडिओ घेतला.

"वन कॅज्युअल्टी, सिरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"बेसवर वादळ आहे. वेट. आउट."

हेलिकॉप्टर १५४० ला आलं. विलास १५१० ला गेला होता.

चौकशी झाली. लंगरमध्ये कोणी आजारी होतं का, असं साहेबांनी विचारलं. मी सावधानमध्ये उभा राहून "नो सर" म्हणालो. ठपका पाण्याच्या टाकीवर आला.

सुट्टीवर आल्यावर त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओसरीत बसली होती.

"शेवटी पोटभर असं काय खाल्लं गा त्यानं?"

"सावजी मटण, माय. मी केलं होतं."

"बरं झालं बाप्पा. मले वाटे, परक्या मुलखात पोरगं उपाशीच गेलं."

तिनं मला भात वाढला आणि मी जेवलो. त्या जेवणाची जितकी लाज वाटते, तितकी मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

आता आमच्या मनीषनगरात कोणी परदेशी टूरला निघालं की औषधांची यादी माझ्याकडून लिहून नेतात. ओआरएस, उकळलेलं पाणी, साबण, सगळं सांगतो. पोट बिघडलं तर लपवू नका, हे दोनदा सांगतो. का, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

विलासची आई अजून आहे. हे लिहिलेलं घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. तिला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.