जातो म्हणलो तर दार उघडंना

आमी बौद्ध. माझ्या बापानं घरातले देव काढले, त्याच दिवशी भुतंबी काढली. त्यामुळं असल्या गोष्टी मी सत्तर वर्षांत कधी मानल्या न्हाईत. सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणलो. आता मीच लिहायलोय... चौथी शिकलोय, चुका संभाळून घ्या.

मी बोरीचा, जिंतूर तालुका. बायको वारून आठ महिने झाले. लेक सुनी पुण्यात असती. बाबा, एकटे राहू नका, इकडं या, हा तिचा रोजचा घोशा. त्या दिवशी दुपारी तिनं मोबाईलवर लिंक धाडली — तिच्या घराजवळच्या खेळाच्या क्लबची. घरबसल्या आतून हिंडून बघायचं म्हणं.

"बाबा, फरशीवर पांढरा बाण दिसायलाय ना? त्याला बोट लावा, पुढं जाता. मी फोनवरच हाय, स्पीकर लावा."

"मी काय खेळू तिथं? लंगडी?"

"कॅरम हाय. तुमच्या वयाचे लय जण येतात."

"आधी तुझ्या मायला विचार," सवयीनं बोलून गेलो. ती आता न्हाई, हे मागून ध्यानात आलं.

बाण दाबत गेलो. पोहायचा हौद, बॅडमिंटन, मग कॅरमचा हॉल. फोटोतल्या माणसांचे तोंडं पुसलेले होते, क्लबवालेच पुसतात म्हणं. काचेच्या दाराजवळ बाकावर एक बाई बसलेली. तिचंबी तोंड पुसलेलं. पण मांडीवर स्टीलचा डबा — कडी तुटलेली, वरून पिवळी सुतळी. ती गाठ मीच मारलेली. अन् तो डबा तर माझ्या घरी फळीवर हाय!

मागचा बाण दाबला. तोच हॉल. परत दाबला. तोच. मोबाईलवरून नजर वर केली तर... घर न्हाई, बाज न्हाई. पायाखाली ओली गार फरशी, नाकात हौदातल्या औषधाचा वास. चारी भिंती चाचपल्या. दार एकच, तिच्या बाजूचं. खांदा लावला, हलंना.

"बाबा, दिसतंय का?" सुनीचा आवाज हौदाच्या तळातून आल्यासारखा. मी ओरडायलोय, पण तिला ऐकू जाईना.

"सोड गं, जातो मी," बाकावरल्या माझ्या बायकोला म्हणलो. तिनं मान हालवली. न्हाई.

तवा आठवलं. परभणीच्या दवाखान्यात तिला म्हणलो होतो, "डबा आणायला जातो."

"जातो म्हणू नये. येतो म्हणा."

"जातो म्हणल्यानं कोण मरतंय?" मी हसलो होतो. हाच डबा घेऊन आलो, तवर ती गेली होती.

त्या हॉलमधी मी हात जोडले. "येतो," म्हणलो.

दार उघडलं.

बघतो तर बाजेवर बसलेलो, मोबाईल हातात. सुनी ओरडायली होती, "बाबा! बोलत का न्हाईत?" पायाचे तळवे माझे ओले. तिनं तिच्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा तो हॉल बघितला. "बाबा, तिथं बाकच न्हाई," म्हणली.

काय होतं ते, मला अजून उमगलं न्हाई. विहारातले भंतेजी म्हणले, मनाचा खेळ. आसंल. मग तळवे कशानं भिजले?

सुनी रोज विचारती, पुण्याला कधी येता. मी नुसतं "बघू" म्हणतो. येतो म्हणत न्हाई. तो शब्द मी एकीला देऊन बसलोय.